अर्धा सूर वर

३ मार्च, सोमवार

ही वही पियानोंची आहे. कुणाच्या घरचा पियानो कधी लावला, कुठली तार बदलली, कुठली पट्टी अडकते, एवढंच यात लिहायचा माझा वीस वर्षांचा नेम. तो आज पहिल्यांदा मोडतोय, कारण घरात बोलायला माणूस उरलं नाही. आईला जाऊन महिना झाला.

शेवटचे तीन दिवस ती धाकटीला हाका मारत होती. उशाशी मी, पाणी पाजणारा मी, कूस बदलून देणारा मी, आणि हाका तिला. "आली का गं?" म्हणायची. मी म्हणायचो, "आई, मी आहे." मग ती भिंतीकडे तोंड फिरवायची.

धाकटी म्हणजे माझी बहीण, माझ्याहून तेरा वर्षांनी लहान. अकरा वर्षांपूर्वी एक पिशवी घेऊन घरातून गेली ती परत आली नाही. ती का गेली आणि कुणामुळे गेली हे मला पक्कं ठाऊक आहे. जिच्यामुळे गेली ती बाई इथून चार रस्ते पलीकडे राहते, आणि दर महिन्याला मी तिचा पियानो लावून देतो.

६ मार्च, गुरुवार

काम नव्हतं. धाकटीच्या वह्या चाळत बसलो.

बाबा गेले तेव्हा ती पाच वर्षांची होती. बादलीत नळाचं पाणी पडताना कुठला सूर निघतो हे ती पियानोवर बोट ठेवून दाखवायची, आणि बरोबर दाखवायची. असा कान हजारात एकाला असतो. मला तो नाही, मी मेहनतीनं कमावलेला कान वापरतो. तेव्हाच मी ठरवलं की हिला गायिका करायची. स्वतःचं लग्न, संसार, सगळं बाजूला ठेवलं.

लोक म्हणायचे मी कडक आहे. बोलणाऱ्याचं काय जातं! पहाटे पाचला उठवायचो. सूर लागेपर्यंत जेवण नाही, असा आमचा नियम होता. आमचा म्हणतो, कारण तिनं कधी तक्रार केली नाही. ताल चुकला तर लाकडी पट्टीनं हातावर टिचकी, तीही टिचकीच. पोहणं बंद केलं, कारण सर्दी होते. मैत्रिणी बंद केल्या, कारण पोरी खिदळतात आणि घसा बसतो. एकदा तिनं मुद्दाम वाटीभर बर्फ खाऊन आवाज घालवला होता. लहान पोरं करतात असले चाळे. ती तेव्हा सतरा वर्षांची होती.

अठराव्या वर्षी तिला बाईंकडे घातलं. सगळं गाव त्यांना बाईच म्हणतं. तेव्हा त्यांचं नाव मोठं होतं, शिष्य निवडून घ्यायच्या. वर्षभर शिकवलं. मग एका दुपारी मला बोलावून घेतलं, धाकटी आतल्या खोलीत होती, आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "हिच्यात गळा नाही. हिला सोड आता."

चौदा वर्षांच्या मेहनतीवर एका वाक्यात पाणी. चौथ्या दिवशी धाकटी गेली. पोरीचं मन मोडलं, दुसरं काय होणार? पुढे आईच्या नावानं तिची दोन पत्रं आली. मी ती न उघडताच परत पाठवली. गेली ती गेली, आईला उगाच आशेवर कशाला ठेवायचं?

आई तिला हाका मारत गेली ती बाईंच्या त्या एका वाक्यामुळे.

१४ मार्च, शुक्रवार

आज बाईंकडे पाळी होती. दार मावशींनी उघडलं. मावशी म्हणजे बाईंकडे स्वयंपाकपाणी बघतात त्या. "या लावणारे, आज बाई खुशीत आहेत," म्हणाल्या.

खरंच खुशीत होत्या. वीस सप्टेंबरला सभागृहात शेवटचा कार्यक्रम करायचा आहे. एकसष्ट वर्षं पुरी झाली, गळा शाबूत आहे तोवर निरोप घेऊन टाकते, म्हणाल्या. साथीला पियानोवाला बाहेरगावाहून शेवटच्या आठवड्यात येणार, तोवर सराव घरीच, एकटीनं. मग मला गाणं दाखवलं. शेवटच्या कडव्यात एक उंच सूर आहे, आठ मात्रा धरून ठेवायचा. धाकटीला मी हेच गाणं दोन वर्षं घोटायला लावलं होतं.

"तू पुढच्या रांगेत बसायचंस हं," बाई म्हणाल्या. "घरी आता एकटाच ना तू?"

मी मान हलवली आणि कामाला लागलो. पहिला सूर लावायला घेतला आणि कधी नव्हे ते डोक्यात आलं, की या बाईच्या घरात खरं काय आणि खोटं काय हे ठरवणारा माणूस मी आहे. दुसरं वाद्य नाही. शिष्य नाहीत, धाकटीनंतर त्यांनी एकही शिष्य घेतला नाही. फक्त हा पियानो आणि मी.

मला त्यांचा जीव नको, पैसा नको. त्यांनी स्वतःच्या तोंडानं म्हणावं, माझ्यात गळा नाही. बस, एवढंच.

१७ मार्च, सोमवार

केलं.

इथे आकडा लिहून ठेवतो, नाहीतर माझाच घोळ व्हायचा. मधला सूर ४४० कंपनांवर असतो, जगात बहुतेक ठिकाणी. आज ४४६ वर नेला आणि बाकीचे त्याच्या हिशेबानं. सव्वादोनशे तारा, एकेक खुंटी किल्लीनं केसभर पिळायची. ताणलेल्या तारा दोन दिवसांत पुन्हा सैल पडतात, म्हणून परवा परत जायचं. बाईंना सांगितलं की कार्यक्रमाचं वर्ष आहे, जरा जास्त काळजी घेऊ. त्यांनी कौतुकानं मावशींना चहा टाकायला सांगितलं.

एकदम अर्धा सूर चढवला असता तर शेजारच्या मांजरालाही कळलं असतं. जुलैपर्यंत ४६६ करायचा, चार-पाच खेपांत.

त्यांचा स्वरकाटा गंज काढतो म्हणून घरी आणलाय. दोन पात्यांचा लोखंडी चिमटा, गुडघ्यावर आपटला की एकच सूर देतो. पात्यांची टोकं कानशीनं घासली की पाती आखूड होतात आणि सूर चढतो. घासल्यावर जो चुरा पडला तो चिमूटभरही नव्हता.

२२ एप्रिल, मंगळवार

४५१. काटाही तितकाच.

बाई म्हणाल्या, सकाळी गळा जड वाटतो. मी म्हणालो, हवा बदलतेय.

१९ मे, सोमवार

४५६. आज मजा आली. बाईंनी मला बसवून घेतलं आणि म्हणाल्या, "खरं सांगू? मला वाटतं हा पियानो चढलाय."

मी चेहरा हलू दिला नाही. म्हणालो, "काटा आहे की, लावून बघा." त्यांनी काटा आपटला, कानाशी धरला, पट्टी दाबली. तंतोतंत. पुन्हा आपटला, पुन्हा तेच. मग काटा हळूच खाली ठेवून त्या हसल्या. "वाद्य कशाला खोटं बोलेल! मीच उतरले," म्हणाल्या.

दुसरं कुणी असतं तर स्वतःच्या गळ्यावर विश्वास ठेवून चार लोकांना विचारलं असतं. पण त्यांची सगळी जन्माची शिस्तच अशी की शंका आली तर चूक आपली. मी धाकटीला हेच शिकवलं होतं.

निघताना दारात म्हणाल्या, "तुझा राग गेला का रे माझ्यावरचा?"

"कसला राग?" मी म्हणालो.

१६ जून, सोमवार

४६१. खालच्या बाजूची एक जाड तार तुटली, गालाला चाटून गेली. जुना पियानो, इतका ताण त्याला सोसत नाही. नवी तार चढवली. मावशींनी गालाला हळद लावली आणि म्हणाल्या, "बाईंचं खाणं कमी झालंय हो. सकाळी गातात आणि मग खिडकीशी बसून राहतात. तुम्ही जरा समजवा, तुमचं ऐकतात."

मी समजावलं. म्हणालो, वय होतं माणसाचं.

१० जुलै, गुरुवार

४६६. झालं, पुरा अर्धा सूर.

मी शेजारच्या खोलीत हत्यारं पुसत होतो तेव्हा बाईंनी ते गाणं घेतलं. शेवटच्या कडव्यापर्यंत सुरेख. मग तो सूर आला आणि आवाज फुटला. पुन्हा घेतला, पुन्हा फुटला. सहा वेळा. मी मोजले. फुटण्याआधी क्षणभर त्यांचा जो सूर लागत होता तो खरं तर अस्सल गाण्यातला तोच सूर होता, अगदी जागेवर, भरदार. फुटत होता तो मी चढवलेला वरचा अर्धा.

एकसष्टाव्या वर्षी असा आवाज मी ऐकलेला नाही. हे इथे लिहायला हरकत नाही, वाचणार कोण?

मी बाहेर आलो तेव्हा त्या पट्ट्यांवर हात ठेवून बसल्या होत्या. म्हणाल्या, "माझ्यात गळा राहिला नाही रे." कार्यक्रम रद्द करायचं पत्र मलाच लिहायला सांगितलं. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं.

अकरा वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते कानांनी ऐकलं. वाटलं होतं, जीव गार होईल. झालाही. रस्त्याच्या वळणापर्यंत होता. मग घरी आलो, भात केला, आणि सांगावं कुणाला ते कळेना.

४ ऑगस्ट, सोमवार

हे माझ्या डोक्यात नव्हतं. हे कधीच नव्हतं.

बाई घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या. डोक्याला दिवा बांधून घशात बघतात म्हणून मावशी त्यांना दिवेवाले म्हणतात. बाईंच्या स्वरतंतूवर एक बारीक गाठ आहे, दहा वर्षांपासून. तेव्हा डॉक्टरच म्हणाले होते की तिला हात लावू नका, आवाज उत्तम आहे. आता बाईंनी सांगितलं की आवाज खाली आला, वर जातच नाही. दिवेवाले म्हणाले, मग ती वाढत असणार, काढलेली बरी. धोका आहे, पण आवाज जातोच आहे तर काय राखायचं?

बाईंनी मला पियानोजवळच्या खुर्चीत बसवलं. "तू सांग. डॉक्टरला गाणं कळत नाही आणि मावशीला मी दुखावलेली बघवत नाही. खरं सांगणारा कान तुझाच. आवाज गेलाय ना माझा? काढू ना गाठ?"

मी पट्ट्यांकडे बघत होतो. एका पांढऱ्या पट्टीचा टवका उडालाय, तिथे मी मागे मेण भरलं होतं ते पिवळं पडलंय. तेच बघत राहिलो.

म्हणालो, "डॉक्टरांना कळतं, बाई."

"तुला काय वाटतं?"

"काढून टाका."

त्यांनी सुस्कारा सोडला. हलक्या झाल्यासारख्या दिसल्या.

९ ऑगस्ट, शनिवार

झोप नाही. भाजी करपवली. शाळेतला पियानो लावायला गेलो आणि तीन सूर चुकीचे लावून आलो, पुन्हा जावं लागलं.

मनाशी म्हणतो की मी कुठे कुणाच्या हातात सुरी दिली? गाठ तर खरीच आहे. कदाचित वाढलीही असेल. कदाचित ऑपरेशननं आवाज आणखी मोकळा होईल. मनाला असं समजावत असतो आणि मन ऐकत नाही.

पियानो उतरवून टाकू. एका खेपेत ४४० वर. बाई गायला बसतील, सूर लागेल, त्यांना वाटेल आपोआप बरं झालं. काटा नवा आणून ठेवू. कुणाला काही कळणार नाही. ऑपरेशन एकोणीस तारखेला आहे, सोमवारी जातो.

११ ऑगस्ट, सोमवार

गेलो नाही. आमच्याच जिन्यापर्यंत गेलो होतो.

मागे वळलो तर आईची खाट दिसली आणि वाटलं, तिनं तीन दिवस हाका मारल्या तेव्हा बाईंना काय झोप लागत नव्हती? दोन दिवस आणखी तडफडू देत. बुधवारी जाईन.

१३ ऑगस्ट, बुधवार

हत्यारांची पेटी घेऊन गेलो. मावशींनी दार उघडलं, डोळे सुजलेले. एक जागा रिकामी झाली म्हणून दिवेवाल्यांनी आजच बोलावून घेतलं. बाई सकाळीच दाखल झाल्या.

धावत गेलो. माझ्या वयाचा माणूस पेटी घेऊन रस्त्यानं धावतो तेव्हा लोक बाजूला होतात. बाई खाटेवर बसल्या होत्या, हिरवा अंगरखा, केस टोपीत. मला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"आलास! मला वाटलंच होतं तू येशील. बघ आता, नवा गळा घेऊन परत येते."

मी तोंड उघडलं. अजून वीस मिनिटं होती. बाई, थांबा, तुमचा आवाज ठणठणीत आहे, एवढं म्हटलं असतं तर झालं असतं. आणि त्याच वेळी डोक्यात आलं की पुढचा प्रश्न येईल, तुला कसं माहीत? मग गावातलं एकही घर मला उंबऱ्याच्या आत घेणार नाही. हे दोन्ही विचार मी खाटेशी उभा राहून अगदी शांतपणे तोलले.

"पेटी कशाला आणलीस?" त्यांनी विचारलं.

"तशीच," मी म्हणालो. "कामावरून आलो."

त्यांनी माझा हात दाबला. मग त्यांना नेलं.

४ सप्टेंबर, गुरुवार

तीन आठवडे बोलायचं नाही असं सांगितलं होतं, ते काल संपले. आज बाईंनी तोंड उघडलं. नुसती हवा आली. टाचणी लागलेल्या चाकातून येते तशी.

दिवेवाले म्हणाले, धोका सांगितला होता. मावशींना म्हणाले, गाठ काही वाढलेली नव्हती, होती तेवढीच होती. मावशी हे मला स्वयंपाकघरात सांगत होत्या आणि मी हातातला कप बशीत ठेवायला जागा शोधत होतो.

बाई आता पाटीवर लिहितात.

१२ ऑक्टोबर, रविवार

धाकटी आली. सगळं लिहून काढतो, नाहीतर उद्या मी त्यातलं अर्धं वेगळं आठवेन.

दुपारी बाईंकडे गेलो तर पियानोच्या खोलीत ती उभी. आधी ओळखलंच नाही. केस आखूड, अंगानं भरलेली, दंड मजबूत. माझ्याकडे बघून म्हणाली, "दादा, म्हातारा झालास की रे."

अकरा वर्षांनी माझ्या तोंडून निघालं ते हे, "तू कुठे होतीस?"

"कापड गिरणीत. मागावर आहे. इतका गोंगाट असतो की कानात बोळे घालावे लागतात. सुरात काय आहे आणि बेसूर काय, कुणी विचारत नाही. फार बरं वाटतं." मग म्हणाली, "आई गेल्याचं बाईंनी कळवलं. तू नाही कळवलंस."

बाई तिला पत्रं लिहायच्या. अकरा वर्षं, दर महिन्याला. मला आत्ता कळतंय.

बाई आत झोपल्या होत्या. धाकटी पियानोपाशी गेली, उभ्यानंच एक पट्टी दाबली, आणि थांबली. शेजारची दाबली. मग मधला सूर, तीनदा.

"दादा, हा कुणी लावला?"

"मी."

"मग हा अर्धा सूर वर का आहे?"

"जुना पियानो आहे, होतो खालीवर," मी म्हणालो. तिनं नुसतं माझ्याकडे पाहिलं. पियानो आपसूक उतरतो, इतका कधी चढत नाही, हे मीच तिला शिकवलं होतं, ती सात वर्षांची असताना. तिनं काटा उचलला, गुडघ्यावर आपटला, कानाशी नेला. मग पात्यांच्या टोकांवरून अंगठा फिरवला. कानशीचे ओरखडे अंगठ्याला लागतात. ती मटकन खुर्चीत बसली.

"बाईंनी लिहिलं होतं की आवाज उतरलाय, तू ऐकून खात्री केलीस, म्हणून ऑपरेशन करतेय. का केलंस?"

"तुझ्यासाठी," मी म्हणालो. तेव्हा मला ते खरंच वाटत होतं. "तुझ्यात गळा नाही म्हणाल्या त्या. तुझं आयुष्य मोडलं."

ती हसली नाही, रडली नाही. आवाज न चढवता बोलली, आत बाई झोपल्या होत्या म्हणून.

"माझ्यात गळा होता, दादा. पहिल्याच आठवड्यात बाईंनी सांगितलं होतं, असा गळा त्यांनी पाहिला नाही. मला तो नको होता. मला जेवायला हवं होतं, झोपायला हवं होतं. मी त्यांच्या हातापाया पडले. म्हटलं, तुम्ही नाही म्हणालात तरच तो मला सोडेल, दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही. आठवडाभर त्या कबूल होईनात. गळ्याच्या बाबतीत मी आजवर खोटं बोलले नाही, म्हणायच्या. मग मी त्यांना माझे हात दाखवले."

"कसले हात?"

"तुला आठवतही नाही," ती म्हणाली.

मग म्हणाली, "तुला ते सांगून आल्या आणि मला म्हणाल्या, आता मी कुणाला शिकवणार नाही. एकदा खोटं बोललेय, पुढच्या पोरीला मी खरं सांगतेय हे तिनं कशावरून मानायचं? पिशवी त्यांनीच भरून दिली. गाडीत बसवायलाही त्याच आल्या होत्या."

मी खाली बसलो. खुर्ची नव्हती, जमिनीवर बसलो. पहिल्यांदा वाटलं की ही खोटं बोलतेय. मग तिचे हात दिसले, मांडीवर ठेवलेले. बोटांच्या पेरांवर पांढरे वळ आहेत, जुने, लाकडी पट्टीच्या रुंदीचे. मी टिचकी म्हणत होतो.

मी म्हणालो, "मी बाईंना सांगतो. आत्ता उठल्या की सांगतो. मग पोलिसांना बोलावू देत, काय हवं ते करू देत."

"सांगणार नाहीस," धाकटी म्हणाली.

"माझ्यानं आता हे..."

"तुझ्यानं काय होतं ते कुणी विचारलं? त्या रात्री झोपतात त्या एकाच विचारावर, की आवाज तसाही गेलाच होता, ऑपरेशननं काही नेलं नाही. तू सांगितलंस तर तुला मोकळं वाटेल. त्यांना कळेल की त्यांचा आवाज शेवटच्या दिवसापर्यंत धडधाकट होता आणि त्यांनी स्वतः जाऊन कापून घेतला. ते घेऊन त्यांनी जगायचं, आणि तू मोकळा?"

तिनं काटा पियानोवर होता तिथे ठेवला.

"आणि पियानो उतरवायचा नाही. त्या रोज हात फिरवतात त्याच्यावर. तो उतरला तर त्यांना लगेच कळेल, त्यांचा कान अजून शाबूत आहे. दुसऱ्या कुणाला लावायला येऊ द्यायचं नाही. त्या आहेत तोवर दर महिन्याला तूच यायचंस आणि तो आहे तिथे ठेवायचास."

मावशींनी जेवायला वाढलं. धाकटी पोटभर जेवली, दोनदा भात मागून घेतला. मी तिला असं जेवताना कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. स्टेशनवर येऊ का विचारलं तर नको म्हणाली, पत्ताही दिला नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार

४६६. तीन तारा सैल झाल्या होत्या, परत ओढल्या.

दुसऱ्या गावी निघून जावं असं रोज वाटतं. पण मग दुसरा लावणारा येईल, पहिल्याच मिनिटाला काटा लावेल आणि सगळं बाहेर पडेल. म्हणजे मला जाता येत नाही. आजारी पडता येत नाही. बाईंच्या आधी मरताही येत नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

गेलो होतो सांगायला. धाकटीचं सगळं पटूनही गेलो, राहवेना म्हणून. पाऊल आत टाकलं तर बाई पियानोवर डावा हात ठेवून नुसत्या ओठांनी ते गाणं म्हणत होत्या. आवाजाशिवाय. शेवटच्या कडव्याला हात थांबला, आणि त्यांनी मला बघून खांदे उडवले, हसल्या. मी खोकला आल्याचं निमित्त करून बाहेर आलो.

३ डिसेंबर, बुधवार

आज काम संपत आलं तेव्हा बाई शेजारी येऊन बसल्या. त्यांनी वरचा तो सूर एका बोटानं दाबला आणि विरेपर्यंत ऐकला. मग पाटी घेतली. बराच वेळ लिहीत होत्या, पुसत होत्या, पुन्हा लिहीत होत्या.

पाटीवर होतं: "दिवेवाला म्हणतो गाठ वाढली नव्हती. मग आवाज कशानं उतरला? दिवसभर तेच मनात येतं. तू ऐकला होतास. उतरला होता ना?"

त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, डोळ्यांकडे नाही.

"उतरला होता, बाई," मी म्हणालो. "मार्चपासूनच. मी ऐकत होतो."

"फार?" त्यांनी खाली लिहिलं.

"फार. सभागृहात लोक हसले असते."

त्यांनी डोळे मिटले आणि मान डोलावली. खांदे सैल झाले. मग पाटीवर लिहिलं, "बरं झालं. एक तूच मला खरं सांगतोस."

हे लिहून त्यांनी माझ्या हातावर थोपटलं आणि मावशींना खुणेनं चहा करायला सांगितलं. मी किल्ली उचलली आणि राहिलेल्या तारा ओढून पियानो होता तिथेच लावला.